परदेशातली खरेदी आणि पैसे: निघण्याआधीची तयारी

दुकानात पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली असं वाटतं, पण कस्टम्समधून सुटून ती घरी पोहोचेपर्यंत काही खरं नसतं. म्हणून काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही, हे आधी ठरवा.

हस्तिदंत, समुद्री कासवाच्या कवचाचे दागिने, प्रवाळ, मगर-अजगराच्या कातडीचे पट्टे आणि पर्सेस यांवर १९७५ पासून लागू असलेल्या 'सायटिस' या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. काहींचा व्यापार जवळपास बंदच आहे, काहींना सरकारी परवाना लागतो. विक्रेता देतो ते छापील प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, आणि "सगळे नेतात, काही होत नाही" या त्याच्या शब्दाला विमानतळावर किंमत नाही. जप्ती टळली तरी अशी प्रत्येक खरेदी त्या प्राण्याची शिकार चालू ठेवते, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. जुनी नाणी, मूर्ती, हस्तलिखितं यांपासूनही दूर राहा. तुर्कस्तान आणि इजिप्तसारखे देश पुरातन वस्तू बाहेर नेऊ देत नाहीत. हुबेहूब नक्कल घेतलीत तर ती नक्कल आहे, असं पावतीवर लिहून घ्या. किनाऱ्यावरची वाळू फुकट दिसते, पण इटलीतल्या सार्डिनियात ती किंवा शंखशिंपले उचलले तर ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो. लाकूड, गवत, बिया यांच्या वस्तू ऑस्ट्रेलियात नेत असाल तर उतरल्यावर त्या जाहीर करा. जाहीर केल्याने दंड होत नाही, लपवल्याने होतो.

आता पैसे. निघण्यापूर्वी दोन वेगळ्या खात्यांची दोन कार्डं घ्या आणि ती दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. दोन्हींवर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा किती आहे, ते बँकेत तपासा. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम तिकडे चालणार का, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते बंद पडलं तर खात्यात पैसे असूनही ऑनलाइन व्यवहार अडतो. कार्ड बंद करण्यासाठीचा बँकेचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण अनेकदा पाकिटाबरोबर फोनही जातो. रोख काढायला डेबिट कार्डच वापरा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढले की सहसा त्याच दिवसापासून व्याज लागतं.

सगळ्यात जास्त पैसे मात्र एका साध्या प्रश्नावर जातात. कार्ड लावलं की यंत्र विचारतं, रक्कम इथल्या चलनात घ्यायची की तुमच्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असतो, म्हणून हात तिकडे जातो. पण तो दर बँकेचा नसतो. दुकानाच्या बाजूची सेवा कंपनी तो ठरवते आणि आपला नफा त्यात मिळवते. प्रत्येक वेळी स्थानिक चलनच निवडा. एटीएमही 'हा दर मान्य आहे का' असं विचारतं. नाही म्हटलं तरी पैसे मिळतात. दुकानदाराने न विचारताच बटण दाबलं असेल, तर सही करण्याआधी तो व्यवहार रद्द करायला सांगा. संकोच करू नका.

रोख रक्कम थोडी आणि लहान नोटांत हवी. डॉलर नेत असाल तर स्वच्छ, न दुमडलेले न्या. अनेक ठिकाणी फाटकी किंवा डागाळलेली नोट घेत नाहीत. 'कमिशन नाही' ही पाटी वाचून थांबू नका, कारण कमाई दरात लपलेली असते. एवढे दिले तर हातात नेमके किती पडतील, हा एकच प्रश्न विचारा. नाणी सहसा परत बदलून मिळत नाहीत, ती शेवटच्या दिवशी खर्चून टाका. युरोपीय संघात शिरताना किंवा बाहेर पडताना १०,००० युरो किंवा अधिक रोख असेल तर ती जाहीर करावी लागते.

करपरतावा, म्हणजे पर्यटक म्हणून खरेदीवर भरलेला कर परत, मिळत असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या. युरोपीय संघात कस्टम्सचा शिक्का संघातून बाहेर पडताना, शेवटच्या देशात मिळतो, आणि अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात. त्यामुळे सामान चेक-इन करण्याआधी तिकडे जा. वस्तू वापरायला काढू नका. रांगेसाठी जादा तास धरा. ब्रिटनमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या दुकानांतली ही सवलत २०२१ पासून बंद आहे.

पाण्याने भरलेले शोभेचे काचगोळे, अत्तराच्या मोठ्या बाटल्या, सुऱ्या हे सगळं चेक-इनच्या बॅगेत भरा. ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या विमानतळापर्यंत फोडू नका.

हॉटेल आणि भाड्याची गाडी यांनी कार्डावर अडवून ठेवलेली अनामत सुटायला वेळ लागतो. परतल्यावर महिनाभर कार्डाचं स्टेटमेंट पाहत राहा आणि तोवर एकही पावती टाकू नका.