ह्वेचा राजवाडा आणि राजसमाध्या पाहताना या चुका टाळा

मध्य व्हिएतनाममधील ह्वे हे शहर १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुयेन घराण्याची राजधानी होते. येथील वास्तुसमूहाला १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि तो व्हिएतनाममधील पहिला जागतिक वारसा ठरला. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमाने जाऊ लागल्यापासून महाराष्ट्रातील प्रवाशांना हा देश जवळचा झाला आहे. तरीही आपल्याकडील सहलींत ह्वेच्या वाट्याला बहुधा दा नांगच्या मुक्कामाला जोडलेला एखादा दिवसच येतो. ‘तिथे फारसे काही नाही’ असे म्हणत परतणाऱ्यांच्या निराशेचे मूळ या आखणीतच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्वे म्हणजे सुट्या इमारतींची यादी नव्हे. सुगंधी नदी, तिच्या पलीकडची न्गु बिन्ह टेकडी, तट, दरवाजे आणि शहराबाहेरच्या समाध्या यांची आखणी एकत्रितपणे झालेली आहे. टेकडी हा राजधानीसमोरचा संरक्षक पडदा, तर नदीतील दोन बेटे ही निळा ड्रॅगन आणि पांढरा वाघ या रक्षकांची रूपे, अशी ती कल्पना होती. ही रचना पायी फिरत, वेळ देऊनच समजते. दा नांग सुमारे १०० किलोमीटरवर असल्याने सकाळी तेथून निघालेला गट राजवाड्यात पोहोचतो तेव्हा ऊन चढलेले असते, आणि दुपारनंतर परतीची घाई सुरू होते. ह्वेमध्ये किमान दोन रात्री राहावे. ते जमणारच नसेल, तर राजवाडा आणि एकच समाधी निवडून बाकीचे निश्चयपूर्वक सोडून द्यावे. चार ठिकाणी प्रत्येकी अर्धा तास धावण्यापेक्षा हे कितीतरी समाधानकारक ठरते.

राजवाड्यात शिरताना आणि बाहेर पडताना

नकाशावर ‘किल्ला’ असे दिसते ते एकात एक असलेल्या तीन कोटांचे मिळून नाव आहे, हे ठाऊक नसल्यामुळे पहिला गोंधळ होतो. सर्वांत बाहेरचा कोट सुमारे दहा किलोमीटर घेराचा असून त्याचे बुरूज युरोपातील वोबाँ पद्धतीचे, म्हणजे फ्रेंच लष्करी अभियंता वोबाँ याच्या शैलीतील, आहेत. झा लोंग राजाने सुरू केलेले हे काम त्याचा मुलगा मिन्ह मांग याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. या कोटाच्या आत आजही घरे, दुकाने आणि शाळा असलेले नेहमीचे शहर नांदते. वाहनचालकाला नुसते ‘किल्ला’ सांगितले, तर तो बाहेरच्या एखाद्या वेशीपाशी उतरवून देतो आणि उन्हात बराच वेळ चालावे लागते. म्हणून ‘न्गो मोन’ हे दरवाजाचे नाव सांगावे आणि फोनवरील नकाशात तीच खूण दाखवावी.

न्गो मोन हा आतल्या राजनगरीचा दक्षिण दरवाजा. त्याची मधली वाट फक्त राजासाठी राखीव असे. वरच्या मजल्यावर चढून न जाणे ही मोठी चूक आहे, कारण समोरचा ध्वजबुरूज आणि मागचा दरबार यांची सरळ रेषा तेथूनच स्पष्ट दिसते. याच दरवाजावर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा राजा बाओ दाई याने पदत्याग केला आणि व्हिएतनाममधील राजेशाही संपली.

पर्यटकांना न्गो मोनमधून आत सोडतात, बाहेर मात्र पूर्वेच्या हिएन न्होन किंवा उत्तरेच्या ह्वा बिन्ह दरवाजातून जावे लागते. गाडी न्गो मोनसमोर थांबवून ठेवणाऱ्यांना दमलेल्या पायांनी तटाला वळसा घालावा लागतो. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर हा त्रास फारच जाणवतो. चालकाला हिएन न्होन दरवाजापाशी येण्यास आधीच सांगून ठेवावे. तिथून जवळच, लोंग आन नावाच्या जुन्या लाकडी प्रासादात, राजघराण्याच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. घाईत ते बहुतेकांचे राहून जाते.

मोकळ्या जागेला रिकामी समजू नका

थाई ह्वा हा दरबाराचा प्रासाद पाहून झाला की मागे एकदम विस्तीर्ण हिरवळ लागते आणि पुष्कळ लोक ‘संपले’ असे समजून माघारी वळतात. ही हिरवळ म्हणजेच राजाच्या खासगी निवासाची ‘निषिद्ध जांभळी नगरी’. तेथील बहुतेक इमारती १९४७ मधील युद्धाच्या आगीत जळाल्या, आणि व्हिएतनाम युद्धातील १९६८ च्या तेत (चांद्र नववर्षाच्या सणातील) आक्रमणात शहरात सुमारे महिनाभर झालेल्या लढाईने राजनगरीची आणखी हानी केली. जोत्यांच्या खुणा पाहत पुढे गेल्यास दुसऱ्या टोकाला किएन त्रुंग प्रासाद लागतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधलेला हा प्रासाद १९४७ मध्ये नष्ट झाला होता. पुनर्बांधणीनंतर २०२४ मध्ये तो खुला झाला. थाई ह्वाही मोठ्या दुरुस्तीनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडला. रंग ताजे दिसतात म्हणून या वास्तूंना खोट्या ठरवणे अन्यायाचे आहे, आणि सगळेच मूळचे आहे असे धरून चालणेही चुकीचे आहे. प्रत्येक ठिकाणी बांधणीचे आणि दुरुस्तीचे वर्ष वाचावे, म्हणजे या शहराने काय गमावले आणि काय पुन्हा उभे केले हे नीट कळते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते न्गो मोनमधून आत आल्यावर डाव्या हाताला असलेल्या थे मिएउ या राजपूर्वजांच्या मंदिराकडे. फ्रेंचांना विरोध करून हद्दपार झालेले हाम न्घी, थान्ह थाई आणि झुई तान हे तीन राजे १९५९ पर्यंत येथील पूजास्थानांत नव्हते. मंदिरासमोरच्या अंगणात १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले काशाचे नऊ प्रचंड हंडे रांगेने उभे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा सुमारे अडीच मीटर उंच असून त्याचे वजन अडीच टनांहून अधिक आहे. प्रत्येक हंड्यावर नद्या, डोंगर, प्राणी, पिके, नौका, शस्त्रे अशी देशाची चित्रे उठावात कोरलेली आहेत. केवळ छायाचित्र काढून पुढे जाऊ नये. एकच हंडा निवडावा आणि त्याच्याभोवती सावकाश फिरून चित्रे ओळखावीत. हात मात्र लावू नये.

मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, सांगितले असेल तेथे पादत्राणे काढावीत, आणि छायाचित्रे काढू नयेत अशी पाटी असल्यास ती पाळावी. मे २०२५ मध्ये एका माणसाने थाई ह्वामधील राष्ट्रीय ठेवा असलेल्या सिंहासनाचा हात मोडला. तेथील दोरी आणि रखवालदार यांच्याशी हुज्जत घालण्याचे काहीच कारण नाही.

समाध्यांची निवड

तीन प्रसिद्ध समाध्या एका दुपारी उरकणे ही दा नांगहून येणाऱ्यांची नेहमीची चूक. त्या शहरापासून साधारण सहा ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत आणि एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. मिन्ह मांगची समाधी एका सरळ अक्षावर, तळी आणि अंगणे ओलांडत पुढे सरकते. तिचा मुख्य दरवाजा राजाचे शव आत नेण्यासाठी एकदाच उघडला गेला, म्हणून आपल्याला बाजूच्या वाटेने जावे लागते. खाई दिन्ह राजाची समाधी उंच पायऱ्यांची, काँक्रीटची, आतून चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी मढवलेली आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करावा.

एकच पाहायची असेल, तर मी तु दुक राजाची निवडेन. तळे, पाइनची झाडे आणि मंडप असलेले हे उद्यान राजाच्या हयातीतच बांधले गेले आणि तो येथे येऊन राहत असे. मुलगा नसल्यामुळे स्वतःचा शिलालेख त्याला स्वतःच लिहावा लागला, आणि त्यात त्याने आपल्या उणिवाही मांडल्या. या बांधकामावरील कष्टांना कंटाळून १८६६ मध्ये मजुरांनी बंड केले होते, ही गोष्ट तळ्याकाठी बसताना लक्षात असू द्यावी.

परतीचे वाहन न ठरवता दूरच्या समाधीवर जाऊ नये; मिन्ह मांगपाशी ॲपवर गाडी मिळायला वेळ लागतो. अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी गाडी ठरवणे उत्तम. सायक्लो (तीनचाकी सायकलरिक्षा) किंवा नाव घेताना रक्कम दोंगमध्ये की डॉलरमध्ये, माणशी की एकूण, एकेरी की परतीसह, हे कागदावर लिहून घ्यावे. २०,००० आणि ५,००,००० दोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. पैसे देताना शून्ये मोजावीत. राजवाडा आणि समाध्यांचे एकत्रित तिकीट मिळते, परंतु किती समाध्या पाहणार हे ठरवल्याशिवाय ते घेऊ नये.

ऋतूची चूक सर्वांत महाग पडते. आपल्याकडचा पावसाळा ओसरू लागतो तेव्हा ह्वेचा सुरू होतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तेथे मुसळधार पाऊस पडतो, आणि १९९९ च्या नोव्हेंबरमधील महापूर लोक अजून विसरलेले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ त्या मानाने बरा. मात्र तेतच्या सणाच्या आसपास गर्दी आणि प्रवासाची अडचण असते. पावसात अडकलात, तर नदीवरची फेरी आणि नदीपलीकडची मिन्ह मांगची समाधी त्या दिवसापुरती सोडून द्यावी. संग्रहालय, राजनगरीतील छप्पर असलेले लांब लाल मार्ग आणि खाई दिन्हच्या समाधीचा अंतर्भाग पावसातही पाहता येतो. रस्त्यावर पाणी चढत असल्यास निघण्यापूर्वी हॉटेलवाल्यांना विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणेच वागावे.