रोजाच्या या चुका टाळा: सहरी, घड्याळ आणि कढई

कुर्ल्यातल्या आमच्या इमारतीत रमजान लागला की माझं दार दिवसभर वाजतं. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, पालिकेच्या शाळेत शिकवते. पण अब्बांनी महाडजवळच्या आमच्या गावात आयुष्यभर मुलांना कुरआन शिकवला. त्यांच्या शेजारी बसून हदीस (प्रेषितांची वचनं आणि आठवणी) ऐकतच मी मोठी झाले, म्हणून शेजारपाजारच्या बायका विचारायला येतात. दरवर्षी तेच प्रश्न, त्याच चुका. प्रेषितांनी (स.) जे सोपं करून दिलंय, ते आपण हट्टाने अवघड करून घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात आधी सहरी, म्हणजे उजाडण्याआधीचं रोजाचं जेवण. माझ्या बहिणीचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला, त्या वर्षीची गोष्ट. पहिल्याच रात्री मित्रांबरोबर मोहम्मद अली रोडला गेला. मिनारा मशिदीच्या गल्लीत नल्ली निहारी, वर मालपुवा, फिरनी. अडीचला घरी आला आणि आडवा झाला. मी पाचला उठवायला गेले तर म्हणाला, "खाला, पोट गच्च आहे, झोपू दे." फजर, म्हणजे पहाटेची नमाजही गेली. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दादरच्या पुलावर त्याला चक्कर आली. लोकांनी पायरीवर बसवलं, एका बाईने पदराने वारा घातला. घरी आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. रात्रभर मसालेदार खाऊन वर पाणी प्यायलाच नव्हता पोरगा. रोजा सोडायला सांगितलं तर ऐकेना, मगरिबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) डोकं धरून पडून राहिला.

मध्यरात्रीनंतर खाल्लेलं सहरीत धरता येईलही, पण सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत, आहे ती सहरी उशिरा करण्याची. प्रेषितांचे सोबती जैद बिन साबित (र.) सांगतात, प्रेषितांबरोबर सहरी केली आणि मग नमाजला उभे राहिलो. मध्ये वेळ किती गेला? कुरआनच्या पन्नास आयती (वचनं) वाचून होतील एवढा. मी वाचून पाहिलंय, सावकाश वाचल्या तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे उठा, खा, वजू करा (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवा), नमाज पढा, इतकं ते जोडलेलं आहे. "सहरी करा, सहरीत बरकत आहे," हे बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. भूक नसेल तर घोटभर पाणी प्यायला तरी उठावं, अशीही हदीस आहे. चौथ्या दिवसापासून मी भाच्याच्या उशाशी ताट नेऊन ठेवायला लागले. दोन चपात्या, एक अंडं, वाटीभर दही, तीन खजूर, तांब्याभर पाणी. तळलेलं काही नाही, चहा अर्धा कप. उरलेला महिना त्याने एकदाही डोकं धरलं नाही. मोहम्मद अली रोडला जायचं तर तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतर) जा, पण अकराला परत या. मी घरात एवढाच नियम ठेवलाय.

याच्या उलटी चूकही पाहते. फजरची अजान सुरू झाली तरी घास चालू, "अजान संपेपर्यंत चालतं" म्हणून. असं करू नका. हजरत बिलाल (र.) रात्र असतानाच अजान द्यायचे, म्हणून प्रेषितांनी सांगितलं, इब्ने उम्मे मकतूमची अजान होईपर्यंत खा-प्या. ती दुसरी अजान उजाडल्याची असायची. आपल्याकडची फजरची अजान उजाडल्यावरच होते, कधी दोन-चार मिनिटं नंतर. अदी बिन हातिम (र.) यांनी पांढरा धागा काळ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, ही आयत ऐकली आणि खरोखरच उशीखाली दोन दोऱ्या ठेवून बघत बसले. तेव्हा प्रेषितांनी समजावलं की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. मशिदीतून मिळालेलं वेळापत्रक फ्रीजवर लावा आणि त्या मिनिटाला हात थांबवा. आणि वेळ उरलेली असताना ताट उचलून घरच्यांना उपाशी ठेवू नका.

आता वेळापत्रकाचंच. दोन वर्षांपूर्वी मी शाळेतून लेडीज डब्यात बसून परत येत होते. समोर एक नवीन मुलगी, नुकतीच हैदराबादहून नोकरीला आलेली. शीव सोडलं आणि तिच्या मोबाइलमधून अजान सुरू झाली. तिने घाईघाईने डबी उघडली, खजूर तोंडात टाकला, वर पाणी प्यायली. माझ्या खिडकीतून इमारतींच्या मध्ये सूर्य लालसर, गोल, स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, "बेटा, थांब." पण उशीर झाला होता. तिच्या अ‍ॅपमध्ये शहर हैदराबादच होतं. हैदराबाद आपल्या पूर्वेला, तिथे सूर्य मुंबईच्या साधारण वीस-बावीस मिनिटं आधी मावळतो. पुण्याचं वेळापत्रक वापरलंत तरी चारेक मिनिटांचा फरक पडतो. पोरगी रडायला लागली. मी तिला सांगितलं, गुन्हा नाही, चूक झाली. आता मगरिबपर्यंत काही खाऊ नकोस आणि रमजाननंतर एक रोजा कजा (बदली) ठेव. हजरत अस्मा (र.) सांगतात, प्रेषितांच्या काळात एका ढगाळ दिवशी आम्ही इफ्तार केली आणि नंतर सूर्य दिसला. हे त्यांच्याही बाबतीत घडलं होतं, हे ऐकल्यावर ती शांत झाली. कुर्ल्याला उतरेपर्यंत मी तिचं अ‍ॅप मुंबईवर करून दिलं.

आणि सूर्य मावळल्यावर? तेव्हा थांबू नका. "लोक इफ्तारला घाई करतील तोवर भल्यात राहतील," ही सहल बिन साद (र.) यांनी सांगितलेली हदीस. तरी काही घरांत "खबरदारी" म्हणून पाच मिनिटं हात आवरून बसतात. ही खबरदारी कोणी सांगितली?

कढईबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे साडेपाचपासून बाई गॅससमोर असते. भजी, समोसे, कटलेट, त्यात फालुदा. अजान होते तेव्हा घरचे सगळे दस्तरखानावर आणि तिच्या हातात झारा. दुआ कबूल होण्याची वेळ तिची तेलाच्या धुरात जाते. प्रेषितांची इफ्तार काय होती? अनस (र.) सांगतात, नमाजच्या आधी ताजे खजूर, ते नसले तर सुके, तेही नसले तर पाण्याचे काही घोट. बस. आणि प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांना (र.) विचारलं, प्रेषित घरात काय करायचे? त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे, नमाजची वेळ झाली की निघायचे. हे मी इमारतीतल्या पुरुषांना तोंडावर ऐकवते. माझ्याकडे अजानच्या पंधरा मिनिटं आधी गॅस बंद होतो. खजूर, पाणी, कापलेलं कलिंगड. मगरिब पढून सगळे एकत्र जेवतो. पाणी पोटात गेलं की "तहान गेली, नसा ओलावल्या, अल्लाहने चाहलं तर मोबदलाही पक्का झाला," ही दुआ म्हणा. ती प्यायल्यानंतरची आहे हे तिच्या शब्दांतच दिसतं.

बाकीचं थोडक्यात. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, आठवताच थांबा आणि पुढे चालू ठेवा. दात घासले म्हणून रोजा जात नाही, प्रेषित मिस्वाक (दातवण) करायचे. अरबी नियत (रोजाचा संकल्प) पाठ नाही म्हणून रोजा सोडू नका, नियत मनात असते. मात्र आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, आपल्याला ती फजरच्या आधी, रोज रात्री करायची. हनफी पंथाच्या शेजाऱ्यांना दुपारच्या आतपर्यंत सवलत आहे म्हणून ती सोयीने उचलू नका. खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडलं नाही तर खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, हे बुखारीत स्पष्ट आहे. गाडीत कोणी भांडायला आलं तर "मी रोजात आहे" म्हणा आणि बाजूला व्हा.

मधुमेह लपवून रोजा ठेवणाऱ्यांवर मात्र मी रागावते. कुरआनने आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट दिलीय, त्याच आयतीत अल्लाह तुमच्यासाठी सोपं इच्छितो असं म्हटलंय. रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्येच डॉक्टरांना विचारा. साखर घसरली तर त्या क्षणी रोजा सोडा, नंतर कजा ठेवा. कायमचं जमणार नसेल तर फिद्या (रोजाच्या बदल्यात गरिबाला अन्न) आहे.

फितरा, म्हणजे ईदचं गरिबांसाठीचं दान, ईदच्या नमाजआधी पोहोचलाच पाहिजे, नंतर दिला तर तो साधी खैरात होतो. आम्ही माणशी एक साअ, म्हणजे अडीच ते तीन किलोच्या हिशेबाने तांदूळ देतो. सत्ताविसाव्या रोजालाच पिशव्या बांधून होतात, म्हणजे गरिबाच्या घरीही ईदला चूल पेटते.

शेवटचे दहा दिवस बाजारात घालवू नका. त्या दहा रात्री प्रेषित कंबर कसायचे, घरच्यांना उठवायचे. विषम रात्रींत शबे कद्र (कुरआन उतरला ती पवित्र रात्र) शोधायची असते आणि आपण त्याच रात्री दुपट्ट्याला मॅचिंग बांगड्या शोधत फिरतो. मी मुलींचे कपडे शिंप्याकडे शाबानच्या पहिल्या आठवड्यात टाकते आणि पावतीवर त्याच्याकडून पंधराव्या रोजाची तारीख लिहून घेते.