‘गुऱ्हाळ’ फाइल समोर दिसते, तरी पायथन ‘नाही’ म्हणतं?

कोल्हापुरात गुळाचा हिशेब ठेवायचा म्हटलं की ‘गुऱ्हाळ_नोंद’ असं फाइलचं नाव सहज पडतं. विंडोज किंवा लिनक्सवर ती डोळ्यांना दिसते, पण पायथनचं ओएस.पाथ.एक्झिस्ट्स (फाइल आहे का ते सांगणारं फंक्शन) ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, देतं. पाथ परत परत टाइप करत बसू नका.

१. ओएस.लिस्टडिरने फोल्डरमधली नावं घ्या. इथेच एरर आली तर बहुधा फोल्डरचा पाथ चुकलाय.

२. ती नावं आणि तुम्ही लिहिलेलं नाव, दोन्ही ॲस्की() मधून छापा; ते मराठी अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक दाखवतं. नुसत्या प्रिंटमध्ये ती सारखीच दिसतात, म्हणून ही पायरी सगळ्यात मोलाची.

३. हे क्रमांक ताडून पाहा. ‘ऱ’ कधी ०९३१ असा एकच असतो, कधी ०९३० आणि नुक्त्याचा ०९३सी असे दोन. कधी ‘र्’नंतर २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह बसलेलं असतं. शेवटची चुकार स्पेसही इथेच सापडते.

४. ‘ऱ’चा फरक असेल तर दोन्ही नावांना युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ ‘एनएफसी’ (अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन) लावून तुलना करा. २००डी मात्र त्याने जात नाही. तिथे फाइलचं नावच बदला.

एक जपा: फाइल उघडताना नॉर्मलाइझ केलेलं नाव देऊ नका, लिस्टडिरने दिलेलं मूळ नावच द्या.