पेट्रोल भरलं की गाडी रुसते? आधी पर्ज व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर तपासा

एरवी एका सेलला सुरू होणारी गाडी पंपावर टाकी फुल्ल केली की कुरकुरते. तीन-चारदा सेल मारावा लागतो, सुरू झाली तरी मिनिटभर मिसिंग, आणि मागे हॉर्नची रांग. माझ्या जुन्या हॅचबॅकनं हा खेळ महिनाभर केला. गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, फ्युएल पंपावरही संशय घेऊन झाला. दोष निघाला आगपेटीएवढ्या व्हॉल्व्हमध्ये.

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून कॅनिस्टर नावाच्या डब्यातला सक्रिय कोळसा ती शोषून घेतो. इंजिन तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर पेट्रोल भरताना उठलेली दाट वाफ सुरू करतानाच इंजिनात घुसते. म्हणून ही कुरकुर. डिझेल गाडीत ही भानगड नसते. सीएनजीवाल्यांकडे पेट्रोलची टाकी असते, म्हणून त्यांच्याकडे हेही असतं.

काम मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना करा. बिडी-सिगारेट दूर.

आधी झाकण. टाकीच्या झाकणाचं रबर बोटानं चाचपा. चिरलं किंवा कडक झालं असेल तर झाकणच बदला. गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४५५ म्हणजे मोठ्या गळतीचा कोड आला, तरी सुरुवात इथूनच. यात खर्च सर्वांत कमी.

मग व्हॉल्व्ह शोधा. बॉनेट उघडून थ्रॉटल बॉडीच्या (आत जाणाऱ्या हवेची झडप) पुढच्या इनटेक मॅनिफोल्डकडे (ती हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्या) बघा. तिथून निघालेला बारीक पाइप धरून पुढे जा. दोन नळ्या आणि दोन वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) असलेला काळा प्लास्टिकचा तुकडा लागेल, तोच पर्ज व्हॉल्व्ह. त्यातून निघालेला दुसरा पाइप गाडीखालून मागे कॅनिस्टरपर्यंत जातो. कॅनिस्टर बऱ्याच गाड्यांत टाकीजवळ असतो, काही जुन्या गाड्यांत बॉनेटखालीच.

आता खरी परीक्षा. कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा, थंड इंजिन सुरू करा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. बाही आणि ओढणी बेल्टपासून लांब. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह बहुधा उघडा अडकलाय. खात्रीसाठी इंजिन बंद करून तो काढा आणि मोठ्या सिरिंजनं हवा ढकला. वीज नसताना हवा आरपार जाता कामा नये. तोंडानं फुंकू नका, आतली वाफ छातीत जाते. मल्टीमीटर असेल तर दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा: बहुतेकांत साधारण २० ते ३० ओहम. आकडाच आला नाही तर व्हॉल्व्ह उघडणारी आतली कॉइल तुटलेली. अशा वेळी पी०४४३ हा सर्किटचा कोडही येतो. इंजिन तापल्यावर येणारी बारीक टकटक मात्र दोष नव्हे, व्हॉल्व्ह काम करतोय.

कॅनिस्टर शेवटी. त्याचं एक तोंड बाहेरच्या हवेसाठी असतं. ते धुळीनं बुजतं. कधी कुंभारमाशी तिथे मातीचं घरटं बांधते. मग पेट्रोल भरताना नोझल सारखं कट होतं आणि झाकण उघडताच टाकी जोरात हवा आत ओढते. तोंड साफ करून बघा, नवा डबा लगेच घेऊ नका.

डबा खराब होतो तो बहुतेक आपल्याच हातानं. नोझल कट झाल्यावर पंपावरचा पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" आपण मान डोलावतो. वाफेसाठी ठेवलेल्या जागेत पेट्रोल चढतं आणि कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा एकदा भिजला की डबा कामातून गेलाच म्हणून समजा.

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी जुना पांढऱ्या कागदावर आपटून बघा. माझ्या कागदावर मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे पडले. तो कॅनिस्टरमधला कोळसा होता, आतून फुटून पाइपातून इथवर आलेला. तुमच्याकडेही असे दाणे पडले तर डबा बदला, पाइप हवेनं साफ करा आणि मगच नवा व्हॉल्व्ह लावा. नाहीतर तोही आठ-पंधरा दिवसांत तसाच अडकेल.