लहान मुलांना घेऊन गराज सेलला जाताना या चुका टाळा

अमेरिकेत थंडी ओसरली की शनिवारी सकाळी चौकाचौकांत खांबांना चिकटवलेले पुठ्ठ्याचे फलक दिसू लागतात आणि त्यांवरील बाणांच्या मागे गेले, की कोणाच्या तरी ड्राइव्हवेवर टेबले मांडून घरातील नको असलेले सामान विकायला काढलेले आढळते. न्यू जर्सीतील एडिसन किंवा इलिनॉयमधील नेपरव्हिलसारख्या गावांत नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबांना गराज सेलचा मोठा आधार असतो, कारण मुलांच्या सायकली, कोडी, पुस्तके आणि हिवाळी कोट येथे दुकानापेक्षा कितीतरी कमी किमतीत मिळतात. मात्र मोठ्यांच्या सोयीने आखलेली सकाळ लहान मुलांना झेपत नाही आणि मुलांसाठी घेतलेली वस्तूच सर्वांत काटेकोरपणे तपासावी लागते. बहुतेक चुका या दोन गोष्टींकडे झालेल्या दुर्लक्षातून होतात.

एका सकाळीत सगळा गाव पालथा घालणे

दोन वर्षांच्या मुलाला प्रत्येक घरापाशी कार सीटमधून, म्हणजे गाडीत मुलांना बांधून बसवायच्या खास आसनातून, सोडवणे, खाली उतरवणे, पुन्हा बसवणे आणि पट्टे आवळणे यांत जाणारा वेळ प्रत्यक्ष खरेदीहून अधिक असतो आणि तिसऱ्या-चौथ्या थांब्याला ते मूल पाठ ताठ करून रडू लागते. म्हणून विखुरलेल्या दहा पत्त्यांची यादी करण्याऐवजी एकाच वसाहतीतील अनेक घरांनी एकाच दिवशी ठेवलेला सामुदायिक सेल निवडावा, गाडी एकदाच उभी करावी आणि स्ट्रोलर घेऊन पायी फिरावे. मिशिगनमधील ॲडिसनपासून अलाबामातील गॅड्सडेनपर्यंत सुमारे ६९० मैलांच्या रस्त्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला चार दिवस भरणाऱ्या आणि १९८७ पासून चालत आलेल्या ‘१२७ यार्ड सेल’चे आकर्षण अनेकांना असते; परंतु मुले मोठी होईपर्यंत तो बेत लांबणीवर टाकणेच शहाणपणाचे आहे.

वेळेच्या बाबतीतही मोह आवरावा लागतो. चांगल्या वस्तू पहिल्या तासात जातात आणि दुपारी उरलेल्या मालाची किंमत अर्ध्यावर येते, हे दोन्ही खरे असले तरी लहान मुलांच्या आईवडिलांनी या दोहोंच्या मागे लागू नये. जाहिरातीत दिलेल्या वेळेआधी दारात उभे राहणे यजमानांनाही आवडत नाही. सकाळचा नाश्ता घरी नीट उरकून निघावे आणि मुलांच्या झोपेच्या व उन्हाच्या वेळेआधी परतावे.

झोपलेल्या मुलाला ‘दोनच मिनिटे’ म्हणून गाडीत एकटे ठेवण्याची चूक तर कधीही करू नये. बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे २० अंश फॅरनहाइटने वाढते आणि काचा थोड्या खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. मूल झोपले असेल तर दोघांपैकी एकाने गाडीतच थांबावे.

मुलांना केवळ बघे म्हणून नेणे

गराज सेलमध्ये वस्तू मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बहुधा जमिनीवर अंथरलेल्या चादरीवरच असतात. अशा ठिकाणी ‘हात लावू नकोस’ असे सांगून मूल शांत राहील, ही अपेक्षा अवाजवी आहे. चार वर्षांपुढील मुलाला निघतानाच एका डॉलरची पाव डॉलरची चार नाणी द्यावीत आणि ती संपली की त्याची खरेदी संपली, हे आधीच सांगून ठेवावे. मग टेबलासमोरचे दृश्य बदलते. एका हातात लाकडी घोडा आणि दुसऱ्या हातात चिंधीची बाहुली धरून मुलगी विचारते, “आई, दोन्ही घेऊ?” आई म्हणते, “अगं, आधी नाणी मोज बघू.” मुलगी घोडा काखेत धरून मूठ उघडते, घामाने चिकटलेली, उरलेली दोन नाणी वेगळी करते, घोड्यावरच्या चिठ्ठीकडे पाहते आणि बराच वेळ विचार करून बाहुली जागेवर ठेवते. हा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. दया येऊन आईने तिसरे नाणे काढले, की पुढच्या प्रत्येक घरी हट्ट सुरू होतो.

घासाघीस करतानाही मुले ऐकत असतात. मंडईतल्या सवयीने वस्तूला नावे ठेवून किंमत पाडण्यापेक्षा चार वस्तू एकत्र करून “या सगळ्यांचे मिळून किती घ्याल?” असे विचारणे येथे अधिक रुचते. विकणारे स्वतः एखादे मूल असेल, तर त्याने सांगितलेली किंमत द्यावी.

‘अगदी नव्यासारखे आहे’ यावर विश्वास ठेवणे

खरा धोका येथेच आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने परत मागवलेल्या, म्हणजे रिकॉल झालेल्या वस्तूंची विक्री बेकायदा ठरवली आहे आणि हा नियम गराज सेललाही लागू आहे. परंतु नातवंडांसाठी जपून ठेवलेला पाळणा विकायला काढणाऱ्या आजीआजोबांना हे ठाऊक असेलच असे नाही. त्यांचा हेतू चांगला असतो. तपासणी मात्र घेणाऱ्यालाच करावी लागते.

एक बाजू खाली सरकणारे क्रिब, म्हणजे चारी बाजूंना गज असलेले बाळाचे पलंग, २८ जून २०११ पासून विकता येत नाहीत, कारण त्या बाजूचे खिळे-कड्या सैल होऊन पडणाऱ्या फटीत बाळे अडकून दगावली आहेत. क्रिबच्या गजांमधील अंतर सव्वादोन इंचांहून किंचित अधिक, नेमके २ ३/८ इंच, यापेक्षा जास्त असू नये. गजांमधून शीतपेयाचा कॅन आरपार जात असेल तर तो क्रिब तेथेच सोडावा. अंतर बरोबर असले तरी उत्पादनाची तारीख असलेली चिठ्ठी सापडल्याशिवाय क्रिब घेऊ नये. बाळाला तिरके झोपवणाऱ्या आसनांचेही तसेच आहे. फिशर-प्राइसची ‘रॉक ॲन प्ले’ ही सुमारे ४७ लाख आसने एप्रिल २०१९ मध्ये परत मागवली गेली आणि २०२२ च्या कायद्याने अशी आसने व क्रिबच्या कडेला बांधायच्या जाड गाद्या यांवर बंदी आली. तरीही लोकांच्या माळ्यांवर त्या अजून असू शकतात.

कार सीटवर मुदत संपण्याची तारीख असते. ती बहुतेक वेळा उत्पादनापासून सहा ते दहा वर्षांची असते. मुदत शिल्लक असली तरी ती सीट अपघातातून गेली आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. अनोळखी घरून कार सीट आणि सायकलचे हेल्मेट अजिबात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सख्ख्या बहिणीकडून किंवा मित्राकडून घेणे वेगळे, कारण तेथे वस्तूचा इतिहास माहीत असतो.

जुनी रंगीत लाकडी खेळणी दिसायला सुंदर असतात. परंतु घरगुती रंगातील शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये निर्बंध आला, तेव्हा त्याआधीची वाटणारी वस्तू तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालील मुलांसाठी टॉयलेट पेपरची रिकामी नळी पर्समध्ये ठेवावी. तिच्यातून जे आरपार जाते ते त्यांच्यासाठी धोक्याचे. बटणासारख्या बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद असलेच पाहिजे. मॉडेल क्रमांक दिसत असेल तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग म्हणजे सीपीएससीच्या संकेतस्थळावर तो तेथेच, फोनवर शोधता येतो.

सुट्टे पैसे आणि शौचालय

एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. अनोळखी घरात शौचालय मागणे दोन्ही बाजूंना अवघड होते, म्हणून वाटेतील सार्वजनिक वाचनालय किंवा बाग आधीच पाहून ठेवावी.

घरी आणल्यानंतर अडचण आली तर

गराज सेलचा माल परत होत नाही, हे गृहीत धरावे. कपडे आणि कापडी खेळणी घरात पसरण्यापूर्वी सरळ ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवावीत, म्हणजे ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. गाद्या आणि कापडी सोफे याच कारणासाठी घेऊच नयेत. प्लॅस्टिकची खेळणी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावीत. खणांचे कपाट आणले असल्यास मूल त्यावर चढण्याआधी, म्हणजे त्याच दिवशी, ते भिंतीला पट्ट्याने जखडावे.

एखादी वस्तू रिकॉल झालेली असल्याचे नंतर कळले, तर मुलाला तिचा लळा लागला असला तरी ती ताबडतोब बाजूला काढावी आणि रिकॉलच्या सूचनेत कंपनीने काय देऊ केले आहे ते पाहावे; अनेकदा पैसे, बदली वस्तू किंवा दुरुस्तीचा भाग मोफत मिळतो आणि त्यासाठी पावती लागतेच असे नाही. काहीच मिळणार नसेल तर ती दान करू नये किंवा रस्त्याच्या कडेला अखंड ठेवू नये, कारण तेथून ती कोणीतरी आपल्या बाळासाठी उचलून नेईल. क्रिब असेल तर तो सुटा करून, बाजू तोडून आणि कार सीट असेल तर तिचे पट्टे कापून कचऱ्यात टाकावी.