माजी सैनिकाचा सूडपट कमी पैशांत काढताना या चुका टाळा

नायक माजी सैनिक असला की त्याच्या सूडाचे कारण वेगळे लिहावे लागत नाही, असा एक सोयीस्कर समज आहे आणि पहिली चूक तिथेच होते. सुरुवातीला युद्धाचा प्रसंग चिकटवला जातो, धूर आणि किंकाळ्या होतात, नायक शहरात परततो आणि त्या प्रसंगाचा पुढच्या कथेशी काहीच संबंध उरत नाही. जेम्स ग्लिकेनहाऊस यांचा १९८० चा ‘द एक्स्टर्मिनेटर’ हा काही थोर चित्रपट नव्हे, पण ही एक गोष्ट त्यात नेमकी साधली आहे. व्हिएतनाममध्ये ज्या मित्राने नायकाचा जीव वाचवला, त्यालाच न्यूयॉर्कमधील गुंडांची टोळी कायमचे अपंग करते. त्यामुळे रणांगणावर केलेला खर्च नायकाच्या डोक्यावरचे ऋण होऊन शेवटपर्यंत कामी येतो. आपल्या संहितेतून युद्धाचा प्रसंग काढून पाहावा. कथा तशीच उभी राहत असेल, तर एकतर तो प्रसंग गाळावा किंवा त्यातून निघणारे देणे आधी लिहावे.

याच चित्रपटात टाळण्याजोगेही बरेच आहे. पोस्टरवर हेल्मेटधारी माणूस फ्लेमथ्रोअर घेऊन उभा आहे, प्रत्यक्षात ते शस्त्र जेमतेम दिसते. तपास करणारा डिटेक्टिव्ह आणि डॉक्टर यांचे प्रेमप्रकरण तर सूडाची गती मध्येच अडवून बसते, आणि लांबी भरण्यासाठी असे उपकथानक घेण्याचा मोह आजही सुटलेला नाही.

गोळीबार खोटा वाटत असेल, तर दोष बहुधा बंदुकीत नसतो. एम-१६ रायफल सलग चालवली, तर २० गोळ्यांचे मॅगझिन दोन सेकंदांच्या आत रिकामे होते. म्हणून न थांबता मिनिटभर गोळ्या झाडणारा नायक सैनिक वाटतच नाही. त्याने मोजून झाडाव्यात, आडोशाला जाऊन मॅगझिन बदलावे आणि बदलताना नजर हाताकडे नव्हे, समोर ठेवावी. ही सवय अभिनेत्याच्या अंगात मुरवायला आठवडाभराची तालीम लागते, पैसे जवळजवळ लागत नाहीत. संकलनात नळीच्या तोंडाशी ठिणगी जोडताना ती एकाच फ्रेमपुरती ठेवावी आणि त्याच फ्रेममध्ये जवळची भिंत व नायकाचा गालही उजळावा, कारण भिंत अंधारी राहिली की ठिणगी वरून डकवलेली आहे हे लगेच कळते.