मावा हाताळता आला पाहिजे

ठाण्यात राहून पिकांवरच्या किडींचा अभ्यास करायचा म्हटलं की लोक विचारतात, इथे शेत कुठे आहे? सुरुवातीला शेत लागतच नाही. घोडबंदर रोडच्या कडेच्या रुईचा कोवळा शेंडा उलटून बघा, पिवळाधमक मावा (झाडाचा रस शोषणारी इवलीशी कीड) बऱ्याचदा मिळतो. (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.) सोसायटीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतोच, फक्त माळीकाकांच्या फवारणीआधी गाठा.

मी झूलॉजीतून या विषयाकडे वळले. रस शोषणाऱ्या सगळ्या किडी एकाच वाहिनीवर पोसत नाहीत, हे आधी पक्कं करा. मावा रसवाहिनीवर (फ्लोएम, म्हणजे पानात तयार झालेलं अन्न वाहून नेणारी नळी) जगतो. तिथला रस दाबाखाली असतो. मावा बाजूला करून त्याची सुईसारखी सोंड झाडातच ठेवली, तरी तिच्या टोकातून रस पाझरत राहतो. केनेडी आणि मिटलर यांनी 1953 मध्ये याच युक्तीने रस गोळा केला. जलवाहिनीतलं (झायलेम, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणारी नळी) पाणी मात्र बहुधा ताणाखाली असतं, ते जोर लावून ओढावं लागतं.

सोंड कुठे पोचली हे ईपीजी (इलेक्ट्रिकल पेनिट्रेशन ग्राफ) यंत्रावर कळतं. माव्याच्या पाठीवर केसाहून बारीक सोन्याची तार चांदीच्या गोंदाने चिकटवतात, दुसरी तार कुंडीतल्या मातीत. सोंड पानात शिरली की सर्किट पूर्ण होतं आणि स्क्रीनवर लहरी उमटतात. तार हलू नये म्हणून पंखा बंद. ठाण्यातला मे महिना तुम्हाला माहीत आहेच. पण खरी परीक्षा त्याआधीची, मावा झाडावरून उचलण्याची: खात बसलेला मावा ओढून काढला तर सोंड तुटते. ब्रशच्या केसाने त्याला हळूच डिवचायचं आणि तो सोंड मागे घेईपर्यंत थांबायचं.

यंत्र नसेल तर भातावरच्या हिरव्या तुडतुड्यांखाली ब्रोमोक्रेसॉल ग्रीन (आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलणारं रसायन) लावलेला फिल्टर पेपर ठेवा. त्यांच्या विष्ठेचा निळा डाग पडला तर रसवाहिनी, निळा नसेल तर जलवाहिनी. स्वस्त आहे, आणि मला तर यंत्राइतकंच आवडतं.

हे सगळं कशासाठी? पपईचा रिंगस्पॉट विषाणू घ्या. मावा नुसती चव बघायला सोंड खुपसतो, तेवढ्यात लागण होते. रसवाहिनी गाठायची गरजच पडत नाही, म्हणून औषध मारून मावा मेला तरी रोग पुढे गेलेला असतो.

कृषी कीटकशास्त्रात एमएस्सीला बहुतेक ठिकाणी बीएस्सी अॅग्रीच मागतात; झूलॉजीवाल्यांनी प्रवेशाचे नियम आधी वाचावेत. कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आहेच. भातावरच्या किडी बघायच्या तर कर्जत लोकल पकडा, तिथे भात संशोधन केंद्र आहे. आधी परवानगी काढा, भात उभं असताना जा आणि भिंग सोबत ठेवा.